दार की दूध?

दाराचं बटण दाबलं की आजोबा स्वयंपाकघरात धावत होते आणि दूध वर आलं की दार उघडून बाहेर बघत होते. जुईलीने कपाळाला हात लावला.

आजोबांना अलीकडे ऐकू येत नव्हतं आणि कानात यंत्र घालायचं म्हटलं की ते रुसून बसायचे. मागे एकदा दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं. तेव्हा आत्याने बंगळुरूहून कळवलं, "बाबा, दिवसभर तुम्ही घरात एकटे असता. मी रविवारी येतेय. बॅग भरून ठेवा." आजोबांना कऱ्हाड सोडायचं नव्हतं आणि जुईलीला आजोबांना. म्हणून तिने दोन दिव्यांची डबी करायला घेतली. दारावर कोणी आलं तर पिवळा दिवा, पातेल्याच्या काठावरच्या चिमट्याला दूध टेकलं तर लाल.

पण काहीही झालं तरी दोन्ही दिवे एकदम लागत होते. आजोबांनी जावं तरी कुठे?

ती तणतणत वाचनालयाच्या कार्यशाळेत गेली. तिथे सुबक नावाचा यंत्रमानव होता. मुलांनी कागदावर आकृती काढायची, सुबकने ती हुबेहूब जोडायची.

"तू बिघडवलंस," जुईली म्हणाली.

"तुम्ही काढलंत तेच जोडलं, ताई," सुबक इतक्या शांतपणे म्हणाला की तिचा पारा आणखी चढला. "हे टिंब बघा. हा जोडबिंदू (दोन तारा खरोखर एकमेकींना जोडायच्या ती जागा). दाराची तार पिवळ्या दिव्याकडे जाताना दुधाच्या तारेला ओलांडते. तुम्ही तिथे टिंब दिलंत, म्हणून वीज दोन्ही दिव्यांकडे गेली."

"पण रेघा जिथे छेदतात तिथे सगळीकडेच दिलीत मी टिंबं."

"हो. का?"

जुईलीने आकृतीतल्या टिंबांवरून बोट फिरवलं. दर दिवाळीत ती ठिपक्यांची रांगोळी काढायची. रेघांच्या छेदावर ठिपका नसला की तिला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. हात आपोआप गेला होता. आता हे या पत्र्याच्या डोक्याला कोण समजावणार?

तिने वैतागून खोडरबर घेतला आणि झाडून सगळी टिंबं पुसली. "आता जोड."

सुबकने निमूट जोडलं. आता एकही दिवा लागेना.

जुईलीच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवार उद्यावर आला होता.

"वीज बॅटरीतून निघते, दिव्यातून जाते आणि बॅटरीतच परत येते," सुबक म्हणाला. "याला परिपथ (विजेची फिरून येणारी वाट) म्हणतात. दोन्ही दिवे एकाच बॅटरीवर चालतात, म्हणजे बॅटरीपाशी तारा जोडलेल्या हव्यात. तुम्ही तिथलीही टिंबं पुसलीत. वाट तुटली."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, ताई. 'जोड' म्हणालात."

हातातली पट्टी त्याच्या डोक्यात घालावी असं तिला फार वाटलं. पण तिने दात-ओठ खात पेन्सिल उचलली आणि प्रत्येक छेदावर बोट ठेवून स्वतःला विचारलं, या दोघींना भेटायचंय का? बॅटरीपाशी भेटायचं होतं. तिने टिंब दिलं. मधल्या छेदावर नाही. तिथे एक तार पुलावरून जावी तशी दुसरीच्या वरून निघून जात होती. तिथे टिंब नको. सुबकने तसंच जोडून दिलं.

रविवारी सकाळी आजोबांनी दूध ठेवलं. जुईली डबीकडे टक लावून बसली. लाल दिवा लागला. पाठोपाठ पिवळाही लागला.

"संपलं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

आजोबा मात्र सावकाश उठले. त्यांनी गॅस बंद केला. मग जाऊन दार उघडलं. दारात आत्या उभी होती आणि तिचं बोट अजून बटणावरच होतं.

आत्या आत आली. तिने काठोकाठ आलेलं, पण न सांडलेलं दूध पाहिलं. मग डबी उचलून उलटसुलट करून पाहिली. आजोबांची बॅग कुठेच दिसत नव्हती. तिने त्याबद्दल विचारलंही नाही.

"जुई," ती म्हणाली, "याला तिसरा दिवा लावता येईल? माझं बोलणं बाबा फोनच्या पडद्यावर वाचतात, पण मी बंगळुरूहून फोन केलाय हेच त्यांना कळत नाही."

जुईलीने डोळे पुसून कागद ओढला. नवी रेघ जुन्या रेघेला ओलांडू लागली तशी तिची पेन्सिल सवयीने थबकली. मग टिंब न देताच पुढे गेली.