कडी

तिने चुकीचं दार उघडलं आणि उजेड आत शिरला.

"दार लावा," अंधारातून आवाज आला.

"आत येऊन, की बाहेर जाऊन?"

"...आत येऊन."

ती प्रयोगशाळेत द्रावणं बनवायची. तो सूक्ष्मदर्शकावर काम करायचा, म्हणून सगळे त्याला दुर्बीणवाले म्हणत. त्या दिवशी त्याने तिला एक पेशी दाखवली. कडेला हिरवे ठिपके दाटले होते.

"या संप्रेरकाच्या थैल्या. काही प्रथिनं एकमेकांना पीळ घालून त्यांना भिंतीशी ओढून आणतात. मग एक प्रथिन कडी घालतं. कॅल्शियम आलं की कडी निघते आणि थैली बाहेर रिकामी होते."

"तोवर?"

"तोवर... थांबायचं."

मग ती रोजच काही ना काही निमित्त काढून येऊ लागली. तो रोज खुर्ची पुसून ठेवू लागला. पुढे मात्र गाडी सरकेना.

एके दुपारी ती म्हणाली, "मावशीने स्थळ आणलंय. संध्याकाळी फोन करणार आहे. हो की नाही, ते सांगायचंय."

त्याने भिंग पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. "मुलगा चांगला असेल," म्हणाला.

ती खुर्ची ओढून बसली. गेली नाही.

संध्याकाळ झाली तरी ठिपके हलेनात. "तुमच्या द्रावणात काही राहिलं का?" त्याने विचारलं.

"कॅल्शियम शेवटी तुम्हीच घालता."

त्याने बाटलीकडे पाहिलं. झाकणही उघडलेलं नव्हतं.

"विसरलो."

"तुम्ही? आणि विसरलात?"

त्याने थेंब सोडला. एक ठिपका लखकन उजळून विझला. मग दुसरा... मग कितीतरी.

"म्हणजे सगळ्या थैल्या तयारच होत्या," ती हळूच म्हणाली. "कडीनेच घात केला."

"कडीला बोल लावू नका. ती नसती तर भलत्या वेळी सांडलं असतं सगळं."

"आणि वेळच टळून गेली तर—"

फोन वाजला. मावशी. ती नुसती बघत राहिली.

"द्या इकडे," तो म्हणाला. त्याने फोन कानाला लावला. "नमस्कार मावशी. त्या स्थळाला नाही म्हणा. मला... मला तुमच्या भाचीशी लग्न करायचंय. म्हणजे, त्यांची हरकत नसेल तर."

पलीकडून खणखणीत आवाज आला, "दुर्बीणवाले ना तुम्ही? अहो, घरात दुसरा विषय असतो का तिला."

तिने घाईघाईने डोळा भिंगाला लावला. तिथे आता अंधारच होता, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ती बराच वेळ बघत राहिली.