तिसरी चटई

उदेभान उईके तिरोड्याच्या बाजारात मडकं घ्यायला गेला आणि भाव न करता परत आला, हीच मुळात नवलाची गोष्ट. मेथीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारा माणूस तो. त्या दिवशी मात्र त्याने मडकं बोटाने वाजवून पाहिलं, भेग नाही ना बघितलं, आणि कुंभारणीने सांगितले तेवढे पैसे देऊन मुकाट्याने उठला. कुंभारणीनेही जास्त विचारलं नाही. ऐन धानकापणीत एकच लहान, कोरं मडकं कोण कशासाठी नेतो, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं.

मडकं त्याच्या पोरासाठी होतं. दुर्गेश, उंचापुरा, हसरा गडी, बोदलकशाच्या तलावात जाळं टाकायला गेला आणि डोंगा उलटून बुडाला. देह सापडला, माती दिली. पण जीव अजून पाण्यातच होता. पाण्यात गेलेल्याचा जीव पाण्याकाठी जाऊन, हाक मारून घरी आणावा लागतो, असं उदेभानच्या घरात पिढ्यान् पिढ्या मानत आले. मडकं पाण्यात धरायचं, नाव घ्यायचं. मासा, खेकडा, शिंपला, जे मडक्यात येईल त्याच्यासोबत आपलं माणूस येतं. वाटेत मागे बघायचं नाही. दिवेलागणीआधी उंबरा ओलांडायचा. मग तो जीव घरच्या देवांत, पितरांत मिळतो आणि मासा परत पाण्यात सोडतात. एका मडक्याने एकच जीव येतो, आणि तो आत गेला की त्याच्यामागे उंबरा मिटतो.

शामकलाने, दुर्गेशच्या मायने, माती दिली त्या दिवसापासून धड घास घेतला नव्हता. शेजारणी समजावून थकल्या. तिचं एकच म्हणणं, "तो घरी येते, मंगच जेवीन." बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोरगा तर गेलाच, आता बायकोही जाते की काय, या धास्तीने उदेभान अर्धा झाला होता.

दुपार कलली तेव्हा तो तलावावर पोचला. सोबत बिसराम होता, गावच्या देवाधर्माचं बघणारा म्हातारा भुमका. बिसराम तलावाच्या मातीच्या पाळीवर पाठ फिरवून बसला, कारण हाक मारताना दुसऱ्याने बघायचं नसतं. उदेभान कमरेइतक्या पाण्यात उतरला. पाण्याला शेवाळाचा आणि कुजक्या धसकटांचा वास येत होता.

"दुर्गेश... चल बेटा. घरी चल."

पाणी हललं नाही. पलीकडच्या जंगलातून एखादा पक्षी ओरडावा, तर तेही नाही. त्याने पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. मडक्यात नुसतंच पाणी.

का येत नाही, हे उदेभानला माहीत होतं. त्या सकाळी धानाचे भारे वाहायचे होते आणि पोरगा जाळं खांद्यावर टाकून निघालेला. बापाच्या तोंडून निघून गेलं, "जा! तू नसला तरी या घरचं काही अडून नाही राहिलं!" दुर्गेशने चपला पायांत सरकवल्या आणि तो गेला. असली बोलणी त्या घरात दर दोन दिवसांनी व्हायची आणि संध्याकाळी दोघं शेजारी बसून जेवायचे. त्या दिवशी संध्याकाळच झाली नाही.

चुकलं म्हणायचं होतं. एवढंच. पाण्यात उभं राहून दोन शब्द बोलायला काय जात होतं? पण पाळीवर बिसराम ऐकत होता, आणि उदेभान जन्मात कधी पोरापुढे वाकला नव्हता. शब्द ओठांपर्यंत आले आणि त्याने गिळले. बापपणाची ही ऐट माणसाला काय काय करायला लावते!

सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. रिकामं मडकं घेऊन शामकलासमोर कसं उभं राहायचं? तो पाण्यावर वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "कोनी बी ये... पन चल घरी."

मडक्याला लगेच हिसका बसला. आत एक मासा होता, करंगळीहूनही लहान.

"आला का गा?" बिसरामने विचारलं.

"आला."

परतीच्या वाटेवर बिसराम पुढे चालत होता. अर्ध्यात उदेभानला मागे पावलं ऐकू आली. ओल्या चपलांची, लांब लांब ढांगांची. घाईघाईने कुणीतरी गाठायला बघत होतं. दुर्गेशला कुठेही जायचं म्हटलं की उशीर ठरलेला. लग्नाच्या वरातीतसुद्धा तो असाच मागून पळत यायचा. पण मागे बघायचं नसतं. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे त्याला रोज वाटलं.

उंबऱ्याच्या आत शामकला दिवा घेऊन उभी होती. रिवाजाप्रमाणे तिने विचारलं, "कोन आला?"

त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, "तुझा दुर्गेश आला."

त्या संध्याकाळी ती जेवली. देवांपुढे मडकं ठेवून, हात जोडून खूप वेळ रडली आणि मग भाताचे चार घास खाल्ले. ते बघून उदेभान गोठ्यात जाऊन हुंदके देऊन रडला. खोटं बोललो, पण बाई जगली, अशी त्याने मनाची समजूत घातली. पुढच्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर पाणी चढलं. सकाळ-संध्याकाळ ती देवांपाशी बसून कुणाशी तरी हळू बोलायची, मधेच हसायची. नैवेद्याला मात्र दूधभात न् गूळ ठेवायची. तिखटाशिवाय ज्याचा घास उतरत नसे त्या पोराला हे काय, असं उदेभानच्या मनात यायचं. विचारायची हिंमत होत नव्हती. भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, हळदीच्या बोटांचे ठसे उमटले होते. तेही त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

आणि दिवेलागणीला अंगणातल्या पायधुण्याच्या दगडावर आवाज यायचा. चप... चप. तलावावरून आला की दुर्गेश तिथे असाच पाय पायावर घासायचा. दगड ओला व्हायचा. ओल दगडावरून निघायची, एकेका पावलाने उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथे थांबायची. सकाळी उंबऱ्याबाहेर मोठं थारोळं साचलेलं असायचं.

एका संध्याकाळी उदेभान अंगणात खाटेवर बसला होता. शामकला ताट घेऊन बाहेर आली आणि तेवढ्यात दगडावर आवाज झाला. चप... चप. ती जागीच थांबली.

"तो... तोच हाय ना?" तिने कुजबुजत विचारलं.

उदेभानला खोटं बोलवेना. त्याने मान डोलावली.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "आत आली ते पोट्टी हाय. एवढीशी. माह्या पदराले धरून झोपते..."

"मंग बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? तुमी उंबऱ्यावर त्याचं नाव घेतलं. मले वाटलं, दुर्गेशनं येतच नाही म्हनलं असन... आनि थे मले माय म्हनून राहिली. कोनाची हाय का माहीत. तिले न्याले कोनी आलंच नाही. कशी हाकलू मी तिले?"

ओली पावलं उंबऱ्याशी येऊन थांबली होती. उदेभान उठला. आता कोण ऐकतंय याची त्याला पर्वा नव्हती. उंबऱ्यासमोर जमिनीवर त्याने डोकं टेकलं.

"चुकलं माहं बेटा. तुह्याबिगर या घराचं सारंच अडून राहिलं. ये... आत ये."

उंबऱ्याच्या लाकडावर ओल चढली. एक पाऊल... आणि दाराच्या दोन्ही फळ्या हळूहळू मिटल्या. आतून कडी लागली.

दोघंही अंगणात होते. घरात कुणी नव्हतं.

दाराच्या आतून, खालच्या अंगाला, नखांनी खरवडल्यासारखा बारीक आवाज आला. मग एक हुंदका, लहान पोरीचा. मग काही नाही.

दार वाजवायला उदेभान पुढे झाला, शामकलाने त्याचा हात धरला. "भेली असन ते," ती म्हणाली. "आपनबी काढून देतो का म्हनून." गोठ्यातून तिने चटया आणल्या आणि अंगणात अंथरल्या, एकीला लागून एक, तीन. कडेच्या दोन चटयांवर नवरा-बायको आडवे झाले. उदेभानने मधल्या चटईवर हात ठेवला आणि जे तलावात बोलायचं राहिलं होतं ते, पोराला आवडायच्या त्या हलक्या आवाजात, झोप लागेपर्यंत बोलत राहिला.

सकाळी मधली चटई ओलीचिंब होती. दार अजून आतून बंदच होतं, आणि कौलांमधून चुलीचा धूर निघत होता.