फळीवरच्या चपला

मला फक्त एक सही हवी होती. नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयाचा फॉर्म होता आणि सोमवार शेवटचा दिवस. बाबांची ना नव्हती, पण आमच्या घरात मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ भगवानराव, हो म्हटल्याशिवाय पेनचं टोपणही निघत नाही. चित्रं काढून माणूस वाया जातो, हे त्यांचं मत. पुरावा म्हणून त्यांचे काका, आमचे वामनआजोबा. तरुणपणी मेहकरात पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचे. मग अंदमानला गेले आणि चाळीस वर्षं समुद्राकाठी चित्रं काढत तिथंच वारले.

त्यांची तिथली राहायची आणि रंगवायची एकच लाकडी खोली. ती मेहकरला न्यावी, ही त्यांची शेवटची इच्छा. त्यांची शिष्या महामाया हिनं एकेका फळीवर नंबर टाकून खोली सुटी केली, जहाजानं आणि ट्रकनं आणली, आमच्या मळ्यात फोटो बघून जशीच्या तशी उभी केली आणि बेटावर परतली. किल्ली माझ्याकडे.

मोठेबाबा म्हणाले, आधी ते घर पाहू दे, मग सांगतो. 'मग सांगतो'मध्ये मोठ्यांनी माझं निम्मं आयुष्य घालवलंय. तरी रविवारी दुपारी नेलं त्यांना.

आत शंखात ब्रश उभे होते. रंगांच्या नळ्या भिंतीतल्या उंच फळीवर, आणि त्यांच्या शेजारी वामनआजोबांच्या रबरी चपला, पट्ट्यांवर त्यांच्या रंगल्या अंगठ्याचे निळे ठसे.

"काऊन वं, चपला रंगापाशी ठेवतेत का?"

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. त्यातही चपला तिथंच होत्या, आणि त्या हलवू नका असं महामायानं बजावलं होतं. मोठेबाबांनी त्या उतरवल्याच. दाराशी जमिनीवर नीट मांडल्या, शेजारी टायरचा तळ मारलेल्या स्वतःच्या काढल्या, दार लोटलं आणि स्टुलावर बसून मला वळण शिकवू लागले.

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात वास आला. मिठाच्या बरणीचं झाकण काढावं तसा, पण ओला. मग जमिनीखाली चुळूक वाजलं. खाली कोरडा मुरूम आहे, माझ्यादेखत टाकलेला. छतावर उजेड हलू लागला, हौदातल्या पाण्यावरून पडतो तसा.

दाराजवळच्या चपला सरकत होत्या. घाई नव्हती. थोड्या पुढे, थोड्या मागे, पुन्हा पुढे...

"पुष्पे..." मोठेबाबांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "पाय वर घे..."

ते स्टुलावर उकिडवे बसले होते, कोंबडी बसते तसे. मला हसू आलं आणि अंगावर काटाही. मी उठले. पायाखालच्या फळ्या कोरड्या ठक्क, पण पाऊल उचलेना, गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखं. कशाबशा वामनआजोबांच्या चपला उचलल्या आणि फळीवर ठेवल्या.

वास गेला. उजेड थांबला. मोठेबाबांच्या चपला मात्र कुठेच नव्हत्या, आणि दार लोटलेलंच होतं.

महामायाला फोन केला तर ती हसत सुटली. म्हणाली, मोठ्या भरतीला पाणी दाराखालून थेट खोलीत यायचं. पहिल्याच वर्षी वामनदांच्या तीन जोड्या वाहून गेल्या, तेव्हापासून ती फळी.

मोठेबाबांनी ते ऐकून स्टुलावरून एक पाय हळूच खाली टेकवून पाहिला.

"तुया बापाले सांग, सही कर म्हणा," ते शेवटी म्हणाले. "अशा पाण्यात चाळीस वर्ष राह्यला तो. वाया गेलेला माणूस एवढा टिकत नाही."

मग तापल्या मळ्यातून अनवाणी, टुणटुण उड्या मारत ते घरी गेले. मी मागून पोट धरून हसत.

आठवड्यानं महामायानं एक फोटो पाठवला. खोली उचलली त्या किनाऱ्यावर आता नुसते खांब उरलेत. त्यातल्या सगळ्यात उंच खांबाच्या माथ्यावर, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, टायरच्या तळाच्या दोन चपला नीट जोडून ठेवलेल्या. डाव्या पट्ट्यावर तसाच निळ्या रंगाचा अंगठा उमटला होता.

खाली तिनं लिहिलं होतं, रंग अजून ओला आहे.