चौदावी पट्टी

गिटार दुरुस्तीला आणणारा माणूस खोटं बोलतो, गिटारला ते जमत नाही. ‘रोज दोन तास वाजवतो, बाह ड्रिक,’ असं मला छातीवर हात ठेवून सांगणाऱ्याच्या तारांखाली धुळीची अखंड रेघ असते. चर्चमध्ये साथ करणाऱ्यांच्या गिटारवरच्या पहिल्या तीन पट्ट्या झिजतात, बाकीच्या कोऱ्या राहतात. देवाचं तेवढ्यात भागतं. आणि ज्याचं लग्न जमत नाही त्याच्या गिटारची मान बाराव्या पट्टीच्या पुढे, उंच रडक्या सुरांवर झिजते.

एकतीस वर्षं मी लाइतुमख्राहच्या चढावर, बेकरीच्या माडीवर हेच करतोय. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या बदलणं, खुंट्या बदलणं, तारांखालचे पिकअप काढून चांगले बसवणं, जुन्या वायरींना नवा डाख देणं. शिलाँगमध्ये घरटी एक गिटार आहे आणि गल्लीत मिळून अर्धा गिटारवाला, त्यामुळे काम संपत नाही.

आमच्याकडच्या गिटारींचा खास रोग म्हणजे चुना. पान, सुपारी, चुना, म्हणजे आमचं क्वाय, दिवसभर तोंडात असतं. अंगठा आणि तर्जनी तार छेडायची पिक धरायला स्वच्छ हवीत, म्हणून वाजवणारे चुना करंगळीने लावतात आणि तीच करंगळी व्हॉल्यूमच्या बटणावर टेकवून वाजवतात. बटणाच्या खाचा पांढऱ्या होतात, चुना दांड्यावरून आत उतरतो आणि एक दिवस आवाज खरखरायला लागतो. मी बटण उघडून सांगू शकतो की हा माणूस दिवसाला किती पानं खातो, आणि बायकोला किती सांगतो.

माझं स्वतःचं सांगायचं तर फार नाही. आमच्यात घर बाईचं असतं. बायको गेली तेव्हा घर धाकट्या मुलीकडे गेलं, जावई राहायला आला, आणि मी यजमानाच्या खुर्चीवरून पाहुण्याच्या खुर्चीवर सरकलो. कोणी काही बोललं नाही. मीच एक दिवस गादी गुंडाळून दुकानामागच्या खोलीत आलो. वर्षभर सकाळी चहाचे दोन कप काढत होतो. मग त्यातला एक फोडला. पडला नाही, फोडला.

काँग इबा नोव्हेंबरात आली; आमच्यात बाईला मानाने काँग म्हणतात, पुरुषाला बाह. जायावच्या शाळेत ती गणित शिकवते. चाळिशी उलटलेली, ओठ क्वायने लाल, बोलणं मोजून. चौकटीच्या लोकरी शालीत तिने गिटार गुंडाळून आणली होती, तान्हं मूल आणावं तशी. मी शाल उलगडण्याआधीच ओळखलं की ही टेइबोरची.

टेइबोर तिचा धाकटा भाऊ. माझ्या दुकानात येऊन तासन्‌तास बसायचा, प्रत्येक वस्तूला चुन्याचं बोट लावायचा आणि माझ्या शिव्या हसत खायचा. दोन वर्षांपूर्वी डावकीच्या बाजूला नदीवर गळ टाकायला गेला तो आलाच नाही. खडकावर चपला सापडल्या, शेजारीशेजारी नीट ठेवलेल्या, आणि क्वायची पुडी. ती नदी खाली बांगलादेशात जाते. पुढचं कोणाला माहीत नाही.

काँग इबाने चर्चच्या कार्यक्रमपत्रिकेचा एक कागद पुढे केला. मागच्या कोऱ्या बाजूला टेइबोरच्या अक्षरात पाच कामं लिहिली होती: बटण आणि वायरी, पट्ट्या, पिकअप, खुंट्या, घोडी.

“सगळी एकदमच करून टाकतो,” मी म्हटलं.

“नको. एकेक करा.”

“का गं?”

“घाई कोणाला आहे? वाजवणारा तर गावाला गेलाय.”

ती हसली नाही. मला तिचा हिशोब कळला. यादी संपली की वाट बघायचं निमित्त संपणार होतं.

मी आधी गिटार नीट पाहून घेतली. ती माझी सवय आहे. टेइबोरच्या डाव्या अनामिकेचं वरचं पेर लहानपणी लाकूड फोडताना गेलं होतं. तार वर ढकलायला त्याच्या बोटांत आधार नव्हता, म्हणून तो मधल्या बोटाने ती खाली खेचायचा. सगळं जग तिसरी तार छताकडे ढकलतं, टेइबोर जमिनीकडे ओढायचा. त्याच्या चौदाव्या पट्टीवर तिसऱ्या तारेपासून खाली उतरलेली, तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. तशी खाच मी दुसऱ्या कुठल्याच गिटारीवर पाहिलेली नाही.

चुन्याने जाम झालेलं बटण काढून मी नवं, काळं कुळकुळीत बसवलं. आतल्या वायरी बदलल्या. जुनं बटण एका डबीत टाकून वर टेइबोरचं नाव लिहिलं.

जानेवारीत ती पट्ट्यांसाठी आली. धुकं माडीच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. मी शाल उलगडली, तर काळ्या बटणाच्या खाचांत पांढरं.

“काँग, गणिताच्या बाई बोट कुठे पुसतात ते आज कळलं.”

“मी चुना काडीने लावते, बाह ड्रिक. तुमच्यासारखी नाही.”

मी वाद घातला नाही. लोक वस्तूला हात लावतात आणि नाही म्हणतात, ही माझ्या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. व्हिनेगरच्या फडक्याने बटण पुसलं. जुन्या पट्ट्या उपटून स्टेनलेसच्या नव्या बसवल्या. फार कठीण धातू. माझ्या दोन कानशी बोथट झाल्या. तिला म्हटलं, या आता तुला आणि मला पुरून उरतील.

गिटार परत देताना मात्र मी एक गोष्ट केली. सगळ्या तारा ढिल्या सोडल्या, पार लोंबेपर्यंत, आणि नव्या पट्ट्या मुरेपर्यंत मानेवर ताण नको असं सांगितलं. हे थोतांड होतं. पट्ट्या काही लोणचं नाही मुरायला. मला फक्त बघायचं होतं, कोणी त्या चढवतं का.

सात आठवड्यांनी, मार्चच्या एका शुक्रवारी, शाळा सुटल्यावर ती आली. गिटार टेबलावर ठेवली आणि या वेळी बसली नाही.

मी तारेवर अंगठा फिरवला. सहाही तारा सुरात होत्या. नेहमीच्या सुरात नाही, अर्ध्या स्वराने खाली. गाताना टेइबोरचा आवाज वर पोचत नसे, म्हणून तो गिटार तेवढी उतरवून ठेवायचा.

बटण पांढरं होतं. चुना ओला होता.

मग मी भिंग घेतलं. चौदाव्या पट्टीवर, तिसऱ्या तारेपासून जमिनीच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी खाच. मी नख फिरवलं, नख अडकलं. स्टेनलेसवर तशी खाच पाडायला रोज वाजवून दहा वर्षं लागली असती. शेजारच्या पट्ट्या आरशासारख्या होत्या.

वाजवतं कोण, असं मी विचारलं. कोणीच नाही, ती म्हणाली. गिटार टेइबोरच्या खोलीत असते, खोलीला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात. एकदा तिने शाळेला दांडी मारून दिवसभर त्या दाराला पाठ लावून बसून पाहिलं. आतून काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी उघडलं तर गिटार जागच्या जागी, आणि खोलीत नुकत्याच फोडलेल्या सुपारीचा वास.

“रविवारी मामा सगळ्यांना बोलावतोय,” ती म्हणाली. “तीन वाजता प्रार्थना. मग मला सगळ्यांसमोर म्हणायचंय, माझा भाऊ देवाच्या घरी क्वाय खातोय.”

आमच्यात गेलेल्या माणसाबद्दल असंच म्हणतात. दोन वर्षं तिने ते म्हटलं नव्हतं.

“एकदा म्हटलं की परत घेता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून विचारते. हात बघून माणूस सांगता तुम्ही. हा हात त्याचा आहे का? हो म्हणालात तर मी मामाला दारसुद्धा उघडणार नाही. टेइबोर कुठेतरी आहे असं समजेन, आणि थांबेन.”

मला ठाऊक होतं की बाह किरशान, वनखात्यातला एक सरळ विधुर, तिच्या होकाराची वाट बघत होता. लग्न झालं तर तो तिच्या घरी राहायला येणार, आणि त्या घरात मोकळी म्हणावी अशी एकच खोली होती. मला हेही दिसत होतं की यादीतली तीन कामं उरली आहेत, आणि ती त्यांवर दहा वर्षं काढील. दोन कप काढत राहणाऱ्या माणसाचं काय होतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

मी भिंग खाली ठेवलं.

“माल खराब आहे,” मी म्हटलं. “कारखान्यातूनच खाच घेऊन आलीय ही पट्टी. माझं लक्ष नव्हतं. हात-बित कुणाचा नाही, काँग.”

“आणि सूर? चुना?”

“हवा बदलली की तारा चढतात. आणि हा चुना नाही, डाख देताना लावतात ते रसायन फुटून वर आलंय.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असली की बघत असेल तसं.

“मग ही तुमच्याकडेच राहू दे,” ती म्हणाली, आणि शाल घडी करून घेऊन गेली.

रविवारी मी गेलो. मामाने प्रार्थना लांबवली. पाहुण्यांतल्या एका म्हातारीने भात निवतोय असं कुजबुजून सांगितलं, तेव्हा मामाने घड्याळ पाहिलं. साडेतीन. त्याने काँग इबाला खूण केली.

ती उभी राहिली आणि वाक्य म्हणाली. आवाज हलला नाही.

सोमवारी मी ती पट्टी काढून दुसरी बसवली. बटणावरचा चुना वाळला होता. फुंकर मारली तर पापुद्रा उडाला. त्यानंतर रोज दुकान उघडताना मी बटणावर बोट फिरवून बघायचो. काही नाही. एक बाई सुटली असं मी स्वतःला सांगितलं. ती खोली उघडल्याचं, तिथे बाह किरशानचं कपाट आल्याचं बेकरीवाल्याकडून कळलं. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. त्या शुक्रवारी बटणावर काहीतरी ओलं होतं, ते गेलं होतं.

एप्रिल संपता संपता ती आली. दुपारची वेळ, खाली बेकरीत पावांची भट्टी निघत होती. ती स्टुलावर बसली आणि पिशवीतून पत्र काढलं.

सीमेपलीकडच्या एका छोट्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टरचं पत्र होतं. दोन वर्षांपूर्वी कोळ्यांनी नदीतून एक माणूस काढला होता. डोक्याला मार, वाचा गेलेली, नाव-गाव काही नाही. डाव्या अनामिकेला पेर नव्हतं. हरवल्याचं जुनं पत्रक आत्ता कोणीतरी तिकडे दाखवलं, तेव्हा ओळख पटली. उशिरा. माणूस मार्चमध्ये गेला होता.

“कधी?” मी विचारलं.

“त्या रविवारी. सिस्टरने चार वाजता असं लिहिलंय.” ती थांबली. “त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतात. मी वजाबाकी केली.”

खाली भट्टीचं दार आपटलं.

तिने पत्राचा शेवट मला वाचून दाखवला. तो दिवसभर डाव्या हाताने खाटेची लोखंडी कड घासायचा, काहीतरी खाली ओढल्यासारखं. बाकी काही त्रास नव्हता. आणि एक विचारायचं राहिलं, असं सिस्टरने लिहिलं होतं: तो शिक्षक होता का? त्याच्या उजव्या करंगळीला नेहमी खडू लागलेला असे. आम्ही रोज पुसत होतो. आमच्याकडे खडू नाही.

तिने पत्र जुन्या घडीवर घडी घालून ठेवलं.

“धातूच खराब होता ना, बाह ड्रिक?”

“खराबच होता,” मी म्हटलं.

ती उठली. भिंतीवर टांगलेल्या टेइबोरच्या गिटारीशी गेली, काळ्या बटणावरून करंगळी हळूच फिरवली, आणि खिडकीच्या उजेडात बोट धरून पाहिलं.

बोट स्वच्छ होतं. ती ते तसंच धरून उभी राहिली.