तुलनेची हवा

कोळशाची धूळ येऊ नये म्हणून छत्रनगर या अख्ख्या गावावर पारदर्शक छत घातलेलं होतं, आणि छताखालच्या हवेचे मुख्य अभियंता होते सुधन्वा खानझोडे. त्यांच्याच गॅरेजमध्ये त्यांची बायको मृणालिनी जुन्या गाडीचा प्राणवायू-संवेदक पकडीत धरून बसली होती. रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. हल्ली जिना चढला की तिला धाप लागे. डॉक्टर म्हणत, मनाचा आजार आहे. नवराही तेच म्हणे, आणि वर ऑफिसात जाऊन सांगे.

गाडीचंही तसंच. हमरस्त्यावर पळायची, गावात शिरली की दमायची. मेकॅनिकने संवेदक बाद ठरवला होता.

"बाद नाहीये हो," शेजारी उभ्या नवऱ्याला ती म्हणाली. "याच्या टोकाला इंजिनाचा धूर लागतो, पाठीला मोकळी हवा. दोहोंतल्या प्राणवायूत फरक असला की वीज तयार होते. दोन्हीकडे एकच हवा, तर शून्य. पाठीकडेच प्राणवायू कमी, तर उणे."

"मला शिकवतेस?"

"मग बघाच."

बॅटरीवर तापवलेल्या टोकावर तिने आधी खोलीतलीच हवा पंपाने सोडली. शून्य. मग स्टेपनीतली सोडली. ती कालच गावाबाहेरच्या पंपावर भरली होती. मीटरवर आकडा छोटासाच आला, पण त्याआधी उणे चिन्ह होतं.

"चाकात आहे तेवढा प्राणवायू आपल्या घरात नाही," ती म्हणाली.

"अशक्य! गावाचा तुलनामापक असाच चालतो. आतली हवा, बाहेरची हवा. फरक दिसला की ताज्या हवेचे पंखे सुरू होतात. रोज शून्य येतं!"

"बाहेरची म्हणजे नेमकी कुठली?"

खानझोडेंना मापकाची बाहेरची हवा घेणारी नळी आठवली. तिच्यात सारखी धूळ बसायची, साफ करायला माणूस छतावर चढवावा लागायचा. म्हणून त्यांनीच ती नळी आत वळवली होती. त्या युक्तीबद्दल सत्कारात शालही घेतली होती. तेव्हापासून मापक गावाची हवा गावाच्याच हवेशी ताडून पाहत होता, आणि पंखे बंद होते. बायकोकडे बघायची त्यांना लाज वाटली.

धावत वर जाऊन त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. "पंखे... सुरू करा. हवा... कमी आहे!"

"फरक शून्य आहे सर," पलीकडून पाळीवरचा रोडगे समजुतीने म्हणाला. "शून्य असताना पंखे लावायचे नाहीत, तुमचाच नियम. आणि सर, तुम्हाला धाप लागलीय. वहिनींसारखंच. तुम्हीच सांगता ना, मनाचं असतं ते? जरा पडून राहा."