हितसंबंध असलेल्यांनी बाहेर बसावे

छातीवर लावायचा हितदर्शक बिल्ला सुमेधा चांदवडकरांनी उलटसुलट करून पाहिला. ‘नवप्राण’ कंपनीच्या संचालक मंडळाची सभा शिरवळच्या कारखान्यात सुरू व्हायची होती, आणि बाईंना सगळ्याचाच संशय येत होता. अध्यक्ष जयसिंगराव ढमढेरे आग विझवायची नळकांडीसुद्धा सरकारी नोटीस आल्याशिवाय बसवणारे नव्हते. त्यांनी हे यंत्र देशात सगळ्यांच्या आधी बसवावं?

“डॉक्टर, यात कुणी हात घातलाय का?”

“मॅडम, तिसऱ्यांदा विचारताय,” बिल्ला बनवणाऱ्या मेंदूतज्ज्ञ डॉ. फातिमा मुजावर म्हणाल्या.

“चौथ्यांदा. एकदा फोनवर विचारलं होतं. नीट सांगा, हा बघतो काय?”

“विषय निघाला की मेंदूत काय हलतं, तेवढंच. निकाल कसाही लागला तरी तुम्हाला काही वाटणार नसेल, तर हिरवा. वाटणार असेल, तर लाल. लाल झाला की नव्या कायद्याप्रमाणे हितसंबंध उघड करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. आत निदान दोन हिरवे उरले पाहिजेत, नाहीतर ठराव बारगळतो.”

“आणि लोभाऐवजी माया वाटली तर?”

“तो फरक मला अजून जमलेला नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

सभेला चौघे होते. जयसिंगराव, सुमेधाबाई, निवृत्त सनदी अधिकारी हिवरेकर आणि माजी कुलगुरू वाकनीस. शेवटचे दोघे स्वतंत्र संचालक. हिवरेकर प्रत्येक सभेत एकच प्रश्न विचारत. तो त्यांनी विचारला.

“जेवण किती वाजता?”

“सभा संपली की लगेच,” जयसिंगराव म्हणाले. “भागीरथीबाईंनी अळूवडी केलीय. विषय पहिला आणि शेवटचा. कृत्रिम मूत्रपिंडांचा विभाग, म्हणजे हा कारखाना, परदेशी कंपनीला विकणे.”

त्यांचा बिल्ला लाल झाला. “खरेदीदार मला सल्लागार म्हणून घेणार आहेत,” ते हसत उठले. “कायद्यापुढे सगळे सारखे, ताई.”

इतक्या आनंदाने बाहेर जाणारा माणूस बाईंनी पाहिला नव्हता. तेवढ्यात स्वतःच्या छातीवर त्यांचं लक्ष गेलं. लाल.

त्या उभ्या राहिल्या. “माझ्या भावाच्या पोटात इथलंच मूत्रपिंड आहे. त्याची गाळणी दर महिन्याला बदलावी लागते आणि ती फक्त इथे बनते. खरेदीदार हा कारखाना बंद करणार आहेत. मग माझा भाऊ जगणार नाही. त्याच्यासारखी हजारो माणसं जगणार नाहीत.”

त्यांनी समोर पाहिलं. दोन्ही दिवे गवतासारखे हिरवे होते.

“नोंद घ्या,” वाकनीस शांतपणे म्हणाले.

बाहेरच्या खोलीत जयसिंगराव खिडकीपाशी फोनवर बोलत होते. बाई डॉक्टरांजवळ गेल्या. “मशीन बिघडवलंय. माणसांचं असं होत नाही.”

“मशीन ठीक आहे.” डॉक्टर घुटमळल्या. “दोन वर्षांपूर्वी नवे संचालक निवडताना जयसिंगरावांनी मुलाखतींना माझे बिल्ले नेले होते. मला वाटलं, चाचणी चाललीय. ज्यांचे लाल झाले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं म्हणे.”

सुमेधाबाई खाली बसल्या. इतके दिवस त्या यंत्रावर डोळा ठेवून होत्या. फेरफार यंत्रात नव्हताच, तो खुर्च्यांमध्ये होता. ज्यांना कशाचंच काही वाटत नाही अशी दोन माणसं शोधून त्यांना ‘स्वतंत्र’ म्हणून बसवलं होतं. आत आता व्यवस्थापनाची शिफारस वाचली जाईल आणि दोन हात वर होतील.

कशाचंच नाही?

शेजारच्या स्वयंपाकघरातून तळणीचा वास आला. बाई ताडकन उठल्या आणि सभागृहाचं दार उघडून उंबऱ्यावरच थांबल्या.

“ताई, तुम्हाला आत बोलता येत नाही!” मागून जयसिंगराव ओरडले.

“हितसंबंध पूर्ण उघड करणं माझं कर्तव्य आहे. एक सांगायचा राहिला,” बाई म्हणाल्या. “मला इथलं जेवण फार आवडतं. विक्री झाली की ही इमारत जाणार, स्वयंपाकघर जाणार, भागीरथीबाई गावी जाणार. पुढच्या सभा पडद्यावरून, आपापल्या घरी बसून.”

हिवरेकरांचं पेन हवेत थांबलं. “म्हणजे... जेवण?”

“ज्याचं त्याने.”

“कटाची आमटी पण?”

“सगळंच.”

हिवरेकर घरच्या दुधीभोपळ्याच्या विचारात गेले असावेत. त्यांचा बिल्ला आधी पिवळट झाला, मग कुंकवासारखा लाल. आयुष्यभर नियमाने वागलेला माणूस. ते निमूट उठले, “माझा अळूवडीत हितसंबंध आहे,” असं सांगून बाहेर आले आणि जेवणाच्या टेबलाकडे वळले.

आत वाकनीस एकटेच उरले होते. त्यांनी हात वर केला. “मंजूर ना?”

“एकट्याची सभा होत नाही, सर. ठराव बारगळला,” सुमेधाबाई म्हणाल्या.

“बरं,” वाकनीस म्हणाले. त्यांचा दिवा हिरवाच होता.

जयसिंगरावांनी फोन खिशात टाकला. टेबलावर चौथी अळूवडी वाढून घेणाऱ्या हिवरेकरांकडे, मग सुमेधाबाईंकडे त्यांनी रोखून पाहिलं आणि डॉक्टरांना कोपऱ्यात घेतलं.

“खरं सांगा डॉक्टर. या मशीनमध्ये कुणी हात घातलाय का?”