तुळशीच्या लग्नाआधी

अमरावतीचा माणूस लपवायचं दुखणं अकोल्याला दाखवतो, आणि अकोल्याचा अमरावतीला. रागिणीनंही तेच केलं. अमरावतीत राजापेठेत तिचे गणिताचे क्लास. तिथल्या डॉक्टरणीकडे गेली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पालकांना कळलं असतं. पण नशीब बघा — अकोल्याच्या दवाखान्याची पायरी उतरते, तर समोर नितेश!

नितेश म्हणजे होणारा नवरा. त्याचं अकोल्यात बी-बियाण्यांचं दुकान. वैशाखात पसंती झाली, मग रोज फोन… आणि सदतिसाव्या वर्षी रागिणी चक्क प्रेमात पडली. लग्न मात्र तुळशीच्या लग्नानंतर. आषाढ-श्रावणात कोण बोहल्यावर चढतं?

"तुमी अठी? अन् मले फोन नाही?"

दात दुखत होता, असं तिनं ठोकून दिलं. त्यानं वरची पाटी वाचली. प्रसूती व स्त्रीरोग. तो हसला नाही, हे त्याचं भलेपण. गुपचूप समोरच्या टपरीवर घेऊन गेला.

रागिणीला बसवेना. ओढणीचं टोक पिळून पिळून चुरगळलं, चहावर साय धरली. अंडाशय वयाच्या पुढे धावतंय, अंडी थोडी उरलीत, जी आहेत त्यांचा कसही वर्षागणिक उतरणार. आशा आहे, पण मूल हवं तर वेळ दवडू नका — डॉक्टरीणबाईंचं हे बोलणं त्याला सांगायचं कसं? बाईनंच लग्नाची घाई करायची, म्हणजे चारचौघांत हसू. आणि न सांगावं, तर फसवणूक. शेवटी तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. नितेशनं चहाचा कप खाली ठेवला, आणि तिचा जीव टांगणीला लागला.

"मोडाचं असंन तं आताच मोडा," ती म्हणाली. "मंग… मले सोसवणार नाही."

"मोडाचं काहून? कोर्टात करू. नोटीस महिनाभर आधी द्या लागते म्हणते." तो उठलासुद्धा.

घरचे काय म्हणतील, तिनं विचारलं. ते कार्तिकात पुन्हा लावतील, वाजतगाजत, असं त्याचं उत्तर तयार.

"अन् एवढं करून लेकरू झालंच नाही तं?"

तो थांबला. आज पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"तं दोघंच राहू. लेकराची घाई तुले असंन, रागिणी… मले तं तुई घाई हाय."

रागिणी उठली, आणि भर रस्त्यात तिनं त्याचा हात धरला. बघणाऱ्यांनी खुशाल बघितलं.